बारा सेंटिमीटरची सावली
आज एकवीस जून, आणि कोल्हापुरात चक्क लख्ख ऊन पडलंय. वीसेक वर्षांमागं याच तारखेला, दहावीत असताना, मी शाळेच्या गच्चीवर कुंडीत मीटरभर उंचीची काठी रोवून भर दुपारी सावलीची वाट बघत बसले होते. जर्मनीतल्या एका शाळेतली मुलगीही त्याच दिवशी, तिच्याकडच्या दुपारी, सावली मोजणार होती. दोघींच्या आकड्यांवरून आम्हाला पृथ्वीचा परीघ काढायचा होता. पण आभाळ गच्च भरलेलं. आमचे विज्ञानाचे सर वर आले नि म्हणाले, "अगं, तिकडची पोरं वाट बघत बसल्यात. गणितानं काढ की आकडा! कोण बघाय येतंय हितं?" मी पुस्तकातल्या अक्षांशावरून गणित मांडलं, बारा सेंटिमीटर आले, ते सायबर कॅफेत जाऊन पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी तिचा मेल आला: "आमच्याकडं ढग होते, म्हणून आमचा रकाना रिकामाच ठेवलाय. तुझी खरी नोंद तरी मिळाली." मी तो मेल सरांना दाखवला नाही, तिला उत्तरही दिलं नाही. आज घराच्या गच्चीवर तशीच काठी उभी केली. सावली बरोबर बारा सेंटिमीटर भरली, तरी तो आकडा मला माझा म्हणवेना.