अकरा सेकंदांची बरणी

सेहेचाळिसाव्या वर्षी एमबीए करतोय. कन्सल्टिंगच्या प्रकल्पासाठी लोणच्याच्या कारखान्यात स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो. तिथल्या कामगार शांताबाईंना एका बरणीला झाकण लावायला अकरा सेकंद लागत होते. निघताना दारातून सहज मागे पाहिलं, तर तेच हात निवांत चालले होते.

"दादा, तुम्ही उभे असलात की हात आपोआप पळतात," शांताबाई हसून म्हणाल्या.

कुणी बघत असलं की माणूस आपला वेग सोडतो. वर्गात पंचविशीतल्या मुलांसमोर मीही सोडतोच.

गटातल्या मुलांना म्हटलं, मोजणी पुन्हा करू.

"काका, उद्या प्रेझेंटेशन आहे!"

चडफडत अकरा सेकंदांच्याच अहवालावर सही केली. आता कारखान्याच्या भिंतीवर रोजचं टार्गेट लिहिलंय, अकरा सेकंदांच्या हिशेबाने. परवा गेलो, तर शांताबाईंना मान वर करायलाही सवड नव्हती.