गॅलरीचं रिकामं पान

जिंतूरच्या एका शाळेत मी तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवायचे. घेतलेल्या तासांचंच मानधन, सुट्ट्या लागल्या की घरी. गावात मात्र मला लोक ओळखायचे ते दुसऱ्याच कामामुळे. घरातलं कुणी वारलं की माणसं माझ्याकडे यायची. हातात बहुतेकदा आधार कार्डाची झेरॉक्स, त्यावरचं तोंड काळवंडलेलं, डोळे अर्धे मिटलेले. नाहीतर लग्नाच्या फोटोत कुणाच्या तरी खांद्यामागून डोकावणारा अर्धा चेहरा. तेवढ्यावरून मी मोठं रंगीत चित्र करायचे. “डोळे जरा उघडे करा.” “पदर डोक्यावरून घ्या.” “कानात कुड्या दाखवा, नंतर मोडल्या, पण होत्या.” असं सांगत लोक तासन्‌तास बसायचे. शाळेत मुलांकडून फळांची परडी काढून घेताना माझं निम्मं लक्ष घरी अर्धवट राहिलेल्या चेहऱ्यात असायचं.

हेच काम पोटापाण्याचं करावं, असं कितीतरी दिवस मनात होतं. उन्हाळ्यात ठरवायचे आणि शाळा उघडली की पुन्हा जाऊन हजेरीवर सही करायचे. त्याचा असा त्रास व्हायला लागला की जेवताना आई दोनदा काय म्हणाली तेही ऐकू यायचं नाही. शेवटी एका रविवारी मी चित्रांचे फोटो पेनड्राइव्हवर भरले आणि परभणी गाठली. कॉलेजातली माझी एक मैत्रीण घरूनच वेबसाइट करून देते. वाटलं होतं, संध्याकाळच्या बसच्या आत ती साइट उभी करून देईल.

तिने पेनड्राइव्ह हातातसुद्धा घेतला नाही. चहा ठेवला आणि विचारलं, “तुझ्या साइटवर येणारं माणूस कोण असंल?”

“कुणीबी. ज्याला चित्र पाहिजे ते.”

“कुणीबी म्हंजे कुणीच न्हाई. बरं, ते काय शोधत येईल?”

“चित्रं बघंल की.”

“आन्‌ बघून? बघून काय करावं त्यानं?”

फोन करावा, फोटो पाठवावा, कसं काम होतं ते वाचावं, असं काहीबाही मी म्हणत राहिले. तिने कागदावर चार चौकोन काढले आणि त्यांत लिहिलं: पहिलं पान, चित्रं, काम कसं चालतं, संपर्क. म्हणाली, रंग नि अक्षरं मागाहून बघू, आधी प्रत्येक पानानं काय करायचं ते ठरव. मग पेनड्राइव्ह लावून चित्रं बघता बघता थांबली.

“लय भारी केलंस गं. पण ही माणसं कुणाची? त्यांच्या घरच्यांना विचारलंस का?”

नव्हतं विचारलं. ते कधी सुचलंच नव्हतं. परतीच्या बसमध्ये वाटेतल्या बोरीपर्यंत मी मनातल्या मनात विचारायची राहिलेली घरं मोजत होते.

सुरुवात चारठाण्यापासून करायची ठरवली. तिथल्या एका शेतकरी घरातल्या आजीचं चित्र माझं सगळ्यात चांगलं जमलेलं. वर्षश्राद्धाला मुलाने करून घेतलं होतं. मी गेले तेव्हा मुलगा अंगणात सोयाबीनची पोती शिवत होता. “टाका की मॅडम, त्यात काय,” तो सुई न थांबवता म्हणाला. पण ओसरीवर त्याचे वडील बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं.

“कुठं टाकायल्या?”

मी मोबाइल काढून दाखवलं, अशी साइट असते, जगात कुणालाही उघडता येते.

म्हाताऱ्यांनी मोबाइल हातात घेऊन बघितला आणि परत दिला. “बाई, ती जन्मात कधी परक्या माणसापुढं बसली न्हाई. फोटोवाला आला की घरात जायची. आता तिला साऱ्या दुनियेपुढं बसवायचं, तर तिची इजाजत कोन घ्यायची?”

मुलगा म्हणाला, “आबा, आता काय तिला...”

“मी देऊ शकत न्हाई,” म्हातारे म्हणाले. रागावले नव्हते. चहा पाजल्याशिवाय मला सोडलंही नाही.

त्यानंतर मी दुसऱ्या कुठल्या घरी गेलेच नाही. मैत्रिणीला फोन करून सांगितलं, चित्रांचं पान होणार नाही. ती म्हणाली, “मग साइट कशाला? रिकामं दुकान उघडून बसतीस का?” मी फोन ठेवला आणि घरभर फिरत राहिले. ब्रश धुतले, परत धुतले.

वडील एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. चारठाण्याची हकीकत मी घरी सांगितली होती. माझी चाललेली ये-जा बघून त्यांनी पेपर खाली ठेवला. “माझं काढ. मी इजाजत देतो. मी तर हाय इथंच.”

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “जित्या माणसाचं? त्या मेलेल्यांच्या कामात?”

“आपल्यात असलं कुणी मानत न्हाई,” वडील म्हणाले. आजोबांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घरी शकुन-अपशकुनाला जागा नव्हती. निदान वडिलांपुरती तरी. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

वडील खुर्चीत बसले आणि माझी पंचाईत झाली. झेरॉक्स हलत नाही. हे दर घडीला मान वळवायचे, दारातून जाणाऱ्याला हाक मारायचे, हसायचे. चित्रातले ओठ पुन्हा पुन्हा पुसावे लागले. पण चित्र झालं तेव्हा आईच त्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “भुवई उजवीकडची जरा वर असती त्यांची.” मी भुवई वर घेतली.

मैत्रिणीने पहिल्या पानावर एका बाजूला वडिलांचा आधार कार्डावरचा फोटो लावला, दुसऱ्या बाजूला चित्र. खाली एकच वाक्य मी लिहिलं: समोर बसलेल्या माणसाचंही चित्र काढून मिळेल. आणि मेसेज पाठवायचं एक बटण.

बरेच दिवस काहीच आलं नाही. मी शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन उघडायचे, बंद करायचे. मग एका मुलीचा मेसेज आला. ती पुण्यात नोकरीला होती, वडील मानवतला. “त्यांना आता कुणी ओळखू येत नाही. पण ते आहेत. ते असेपर्यंत काढाल का?”

मी मानवतला गेले. कापसाच्या व्यापारात आयुष्य काढलेले ते गृहस्थ क्षणभर बसायचे, उठायचे, दाराची कडी तपासायचे, पुन्हा बसायचे. त्यांची बायको म्हणाली, “दिवसभर असंच करायलेत.” मी कागद मांडीवर घेतला आणि ते जातील तिकडे फिरत काढू लागले. कडीपाशी, खिडकीपाशी, परत कडीपाशी. एकदा ते माझ्यासमोर थांबले.

“कुणाचं काढायलीस?”

“तुमचंच.”

“बरं,” म्हणाले, आणि पुन्हा कडी बघायला गेले.

चित्र पूर्ण व्हायला बऱ्याच फेऱ्या लागल्या. लेकीला ते पसंत पडलं, पण तिने डोळे बदलायला सांगितले. तिच्या आठवणीतले डोळे वेगळे होते. मी बदलले नाहीत, समोर दिसले तसेच ठेवले. ती रागावली, आणि नंतर तिनेच दोन ओळखीच्यांना माझ्याकडे पाठवलं.

यंदा शाळेत मी सांगून टाकलं की येणार नाही. मुख्याध्यापक म्हणाले, विचार करा. मी केला होता. अजूनही करते. सकाळी शाळेची घंटा आमच्या घरापर्यंत ऐकू येते, आणि हातातला ब्रश थोडा वेळ तसाच राहतो.