गोळीले दिसते

त्या घरी बंदूक येण्याआधी चूल दोन्ही वेळा पेटत नसे. नवरा-बायको दोघंच. जमिनीचा तुकडा नाही, लेकरूबाळ नाही. दुसऱ्याच्या पऱ्हाटीत निंदण करायचं, कापूस वेचायचा. पावसाळ्यात काम थांबलं की बायको तरोट्याची भाजी उकडायची आणि तेवढ्यावरच दोघं निजायची. मग नवऱ्याला पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या भरमार बंदुकीचा परवाना मिळाला. रानडुकरं शिरली की गावानं त्याला बोलवावं, आणि खळं झालं की प्रत्येक शेतकऱ्यानं त्याच्या धोतरात ज्वारी टाकावी, असं ठरलं. तेव्हापासून त्या घरात रोज भाकरी दिसू लागली. हे मला तपासात कळलं, पण आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्या भाकरीवर उभं आहे.

माझं घर काही वेगळं नव्हतं. माझा बाप समुद्रपूरकडे लोकांच्या शेताची राखण करायचा. त्याला सही येत नव्हती. मी त्या घराण्यातला पहिला पदवीधर, तोही विज्ञानाचा. हे मी कोणालाही सांगतो, त्यात लाजायचं काही नाही.

नोकरीत पुष्कळ खून पाहिले. बहुतेक विसरलो. पण संध्याकाळी कुठे टिनाचा डबा वाजला आणि मधेच थांबला, तर माझा हात आजही थबकतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आर्वी तालुक्यातल्या एका ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना एका गावचा पोलीस पाटील सायकल लोटत आला. घामानं भिजला होता. म्हणाला, "साहेब, आमच्या गावी माणूस मेला. बंदुकीनं."

"कोणी मारला?"

"बुढ्यानं. गोळी वळली साहेब."

माझे हवालदार पन्नाशीचे, कशाला न हलणारे. त्यांनीही लिहिता लिहिता टाक थांबवला. त्या बुढ्याचं नाव सगळ्या पट्ट्यात होतं, मीच नवा होतो. त्याची गोळी झाडाला वळसा घालून जनावराला लागते, असं लोक सांगत. पाहिलेली माणसं होती. डुक्कर खडकाच्या आड, बुढा समोरच्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बार झाला आणि खडकामागे डुक्कर आडवं. असं एकदा नाही, कित्येक वर्षं.

आम्ही गेलो. संत्र्याची बाग होती. बागेच्या कडेला पुरुषभर उंचीची दगडी भिंत, तिच्या मागे नाला. भिंतीच्या अलीकडे, बागेत, लाकडी माळा. बुढा आदल्या संध्याकाळी त्या माळ्यावर बसला होता. प्रेत भिंतीच्या पलीकडे, भिंतीला टेकून बसलेलं. अंगावर काळी घोंगडी. बागेचा राखणदार, तिशीतला माणूस. कंदील त्याच्या शेजारी तसाच उभा, अजून न पेटवलेला, काचही फुटली नव्हती.

पंचनामा करताना मी भिंतीचा दगडन् दगड हातानं चाचपला. कुठे भोक नाही, ओरखडा नाही. भिंतीवरून गोळी आली म्हणावं तर जखम बरगडीत, आडवी. माळ्यावर उभं राहिलं तर प्रेताचा केसही दिसत नव्हता. पंच माझ्याकडे पाहत होते. एक जण हळूच म्हणाला, "आता समजलं काय साहेब?"

बुढा घराच्या ओट्यावर आमची वाट पाहत बसला होता. बंदूक समोर आडवी ठेवलेली, हात मांडीवर. पासष्टीचा असेल. कानानं मंद, दोनदा विचारावं लागलं.

"म्याच मारला," तो म्हणाला. "बार डुकरावर केला होता. पण मनात तो होता, म्हणून तिकडे गेली."

मनात का होता, तेही उघड झालं. चार दिवसांमागे पानठेल्यावर दोघांची जुंपली होती. राखणदारानं बुढ्याच्या कुत्र्याला दगड मारला होता. वर म्हणाला, "बुढ्या, तुले आता म्हैस दिसत नाई, डुक्कर काय मारशीन?" लोक हसले. बुढ्यानं सगळ्यांसमोर उत्तर दिलं होतं, "मले नाई दिसलं तरी गोळीले दिसते. एखाद्या दिवशी तुलेई पाहीन ते."

झालं. धमकी आहे, साक्षीदार आहेत, बंदूक आहे, आणि माणूस स्वतः म्हणतो मीच मारला. कलम तीनशे दोन. फाशी किंवा जन्मठेप.

आता कोणीही विचारेल, दुसरा बंदूकवाला असेल हे सुचलं नाही का? सुचलं. पहिल्याच तासाला सुचलं. पण बागेच्या आसपास त्या वेळी पाच-सहा माणसं होती. वेगवेगळं विचारल्यावरही सगळ्यांनी एकच सांगितलं: बार एकच झाला, जाडा. पंचक्रोशीतल्या परवान्याच्या बंदुका मी तपासल्या, सगळ्या जागेवर. नाल्यात बुढ्याची बायको होती. ती नेहमीच असायची, हाका घालायला. डोक्यावर गवताचा भारा घेऊन आधी नाल्यात उतरायची आणि टिनाचा डबा बडवत डुकरं उठवायची. ती म्हणाली, "नाल्यातून कोणी गेलं नाई साहेब. गेलं असतं तं मले दिसलं असतं." यात काही खोटं नव्हतं, हे मला नंतर समजलं.

प्रेतातली शिशाची गोळी प्रयोगशाळेत गेली. अशी गोळी घरी साच्यात ओततात, नळी आतून गुळगुळीत असते, त्यामुळे ती कोणत्या बंदुकीची हे नेमकं सांगता येत नाही. अहवालही तेवढंच म्हणाला: अशा प्रकारच्या बंदुकीतली असू शकते.

ठाण्याचं वातावरण बिघडलं. बुढा कोठडीत भिंतीकडे तोंड करून बसे. त्याची बंदूक मुद्देमालाच्या खोलीत ठेवली, तर त्या खोलीत कोणी जाईना. ती रिकामी होती, तरी एका शिपायानं नळी भिंतीकडे फिरवून ठेवली. दुसरा म्हणाला, "भिंतीकडं करून काय फायदा? वळते ना ते." हसलं कोणीच नाही. गावात तर लोक त्याच्या घरासमोरून जाणं टाळायचे, मग मागूनही टाळू लागले. कोणती बाजू बिनधोक, हेच कोणाला कळेना.

वरिष्ठ म्हणाले, "वळली का सरळ गेली ते कोर्ट पाहील. तुम्ही कागद पूर्ण करा." पण पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. आणि दोषारोपपत्रात मी काय लिहिणार होतो? विज्ञान शिकलेला माणूस मी. सुटलेली गोळी जमिनीकडे थोडी झुकते, वारा तिला किंचित ढकलतो. याच्यापलीकडे तिला कोणी वळवू शकत नाही. भिंतीला वळसा घालून बरगडीत शिरणारी गोळी मी सही करून मान्य केली असती, तर बापानं मला शिकवलं कशाला?

मी परवानगी काढली आणि पंचांसमोर चाचणी घेतली. त्याच बागेजवळ, मोकळ्या वावरात. पऱ्हाटीच्या काड्यांच्या चौकटी करून त्यांवर जुनी वर्तमानपत्रं ताणली आणि एकामागे एक उभी केली. मागे मातीचा ढीग. गोळी वळत असेल तर भोकं एका रेषेत येणार नाहीत. सगळं गाव बांधावर उभं होतं.

बुढ्याच्या हातात त्याचीच बंदूक दिली. तो बराच वेळ नळी इकडेतिकडे फिरवत राहिला. मग मला हळूच विचारलं, "कागद कुठी आहे साहेब?"

कागद भर दुपारी, पंधरा पावलांवर होता.

मी त्याच्या समोर जाऊन डोळ्यांत पाहिलं. दोन्ही बुबुळांवर दुधासारखी साय. मोतीबिंदू, तोही आजकालचा नव्हे. मी म्हणालो, "बाबा, तुम्हाला दिसत नाही. मग संधिप्रकाशात डुकरं मारली कशी?"

"सांगतलं ना तुमाले," तो शांतपणे म्हणाला. "गोळीले दिसते."

त्याच्या मागे उभे असलेले पंचसुद्धा चार पावलं बाजूला सरकले. खरं सांगतो, माझेही पाय सरकले.

मी त्याचा खांदा धरून नळी कागदाकडे केली. बार झाला. पहिल्या भोकातून सुतळी ओवली ती शेवटच्या भोकापर्यंत ताठ, वीणेच्या तारेसारखी. मी ती गावाला दाखवली. बुढा म्हणाला, "कागदासाठी काऊन वळन ते? जिवंत पाह्यजे." आणि गावानं मान डोलावली. माझी सुतळी तिथेच हरली.

आम्ही जीपनं परत निघालो. बांधावरचा एक साक्षीदार बरोबर होता, त्याला तालुक्याला जायचं होतं. सहज बोलता बोलता तो म्हणाला, "पण साहेब, लय भेव वाटे. बुढीचा डबा वाजून राह्यला, वाजून राह्यला, अन् एकदम थांबे. थांबला का बार. दरवेळेस तसंच."

"दरवेळेस?"

"हो. डबा थांबला का आमी कानात बोटं घालो."

मी लहानपणी बापासोबत हाच डबा बडवला आहे. हाका घालणारा माणूस जनावर उठल्यावर थांबत नाही, उलट तेव्हाच जास्त जोरात बडवतो, नाहीतर जनावर मागे फिरून त्याच्याच अंगावर येतं. ऐन वेळी डबा खाली ठेवायचा, तर हात कशाला तरी हवे असतात.

आणि गवत. बुढ्याच्या घरी गाय नव्हती, बैल नव्हता. तो भारा कोणासाठी?

कायद्यानं बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं. मी दुसऱ्या दिवशी गेलो. हवालदारांना अंगणात बसवलं. बुढी चुलीपाशी होती. वाळक्या अंगाची, ताठ पाठीची. मी दारातच म्हणालो, "माय, डबा काऊन थांबवत होती?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. ती फुगू दिली. मग उतरवून टोपल्यात ठेवली आणि हात पुसले.

"डबा थांबला का तो समजे, जनावर आलं. तो बार करे तवा जाळ दिसे," ती म्हणाली. "जाळ दिसला का मीई करो. म्हणून एकच आवाज."

"बंदूक?"

"माह्या बापाची. त्याले पोरगा नोयता. नेम त्यानंच शिकवला."

ती उठली आणि परसातल्या पऱ्हाटीच्या ढिगातून पोत्यात गुंडाळलेली बंदूक काढून आणली. नळीला तेल होतं.

नवऱ्याची नजर गेली त्या वर्षी त्याचा बार हुकला होता, आणि नाल्यातून तिनं बाजूनं डुक्कर पाडलं होतं. परवाना गेला असता, ज्वारी गेली असती. लोक धावत आले, पाहतात तर जनावर खडकाच्या आड. कोणीतरी म्हणालं, गोळी वळली. बुढा हसला. ती बंदूक भाऱ्यात दडवून, भारा डोक्यावर घेऊन घरी आली.

"गावाले सांगतलं नाही ते समजलं," मी म्हणालो. "त्यालाही नाही?"

"त्याले कसं सांगू? उपाशी असे तवाई असा खुश नोयता तो."

त्या संध्याकाळी भिंतीच्या बुडाशी काळं काहीतरी हललं. घोंगडी होती. तिला डुक्कर वाटलं. जाळ दिसला आणि तिनं घोडा दाबला. हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "लेकरासारखा होता तो. वरतून त्याची बायको आता मलेच धीर देऊन राह्यली, म्हणते तुहा बुढा फाशी जाईन."

मग पदर सावरून म्हणाली, "मले घेऊन जा. पण त्याले सांगू नका. तेवढं करा साहेब."

ते माझ्या हातात नव्हतं. तिचा जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवायचा होता, आणि त्याला कोणत्या कारणानं सोडलं हे कागदावर येणारच होतं. मी एवढंच म्हणालो, "दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा तूच सांग."

ठाण्यात मी दोघांना समोरासमोर बसवलं आणि दाराशी उभा राहिलो. कानानं मंद, म्हणून तिला मोठ्यानं सांगावं लागलं. ते चारचौघांत सांगायचं बोलणं नव्हतं, पण सगळ्या ठाण्याला ऐकू गेलं.

बुढ्यानं तोंड तिच्या दिशेनं वळवलं. मग विचारलं, "तो खडकामागचा एकदात्या डुक्कर?"

"मीच."

"अन् तुरीतली डुकरीन?"

"मीच रे राजा." तिच्या तोंडून असं निघालं, जसं लेकराशी बोलावं.

"सगळेच?"

"सगळेच."

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, हा माणूस सुटण्यापेक्षा फाशी पत्करेल. मग भिंतीकडेच तोंड ठेवून तो म्हणाला, "माह्या मनातून गेली नाई मंग ते. त्याले म्या नाई मारलं."

"नाई. म्या मारलं."

त्याचे खांदे हलायला लागले. हवालदार कागद घेऊन बाहेर गेले.

त्या प्रकरणानं मला एक सवय लावली. साक्षीदाराला काय ऐकू आलं हे सगळेच विचारतात. मी त्यानंतर निवृत्तीपर्यंत हेही विचारत गेलो, की ऐकू येणारं काय बंद पडलं.

खुनाचं कलम गेलं. निष्काळजीपणानं मृत्यू आणि विनापरवाना हत्यार, एवढ्याची तिला शिक्षा झाली, ती तिनं भोगली. बुढ्याचा परवाना रद्द झाला. सरकारी दवाखान्यात त्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. ती सुटली त्या दिवशी तो तुरुंगाच्या दारात एकटा उभा होता. गावात तो येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगे, "गोळी सरळच जाते. नेम बुढीचा होता." त्या वर्षी खळं झालं तेव्हा शेतकऱ्यांनी त्यांच्या घरी ज्वारी पोचवली, आणि ती तिच्या पदरात टाकली.