साईंच्या दारातली राखण

१९५६ साल. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. डिलाईल रोडच्या चाळीत राहायचो, गिरणीत साच्यावर कापड विणायचो. आमच्याच मजल्यावर साईं राहायचा. हा माणूस दाराकडे पाठ करून कधी बसला नाही. इराण्याकडे भिंतीकडची खुर्ची रिकामी होईपर्यंत उभा राहायचा. नाक्यावरच्या न्हाव्याने तर त्याच्यासाठी खुर्ची उलटी फिरवली होती, आरसा पाठीमागे आणि तोंड रस्त्याकडे. न्हावी म्हणायचा, "हे गिऱ्हाईक दारावर लक्ष ठेवतं. दाढी बरी झाली का ते मी मलाच विचारायचं."

साईं हे काही त्याचं नाव नव्हे. तो कराचीचा सिंधी. फाळणी झाली आणि बायकोला घेऊन बोटीने मुंबईला आला. झाडूवाल्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना साईं म्हणायचा, म्हणून आम्ही त्यालाच साईं केलं. कापडाचे कटपीस खांद्यावर टाकून दादरभर विकत फिरायचा. मोजताना चार बोटं कापड जास्तच सोडायचा.

एकदा रेशनच्या कचेरीत मी त्याच्या मागे रांगेत होतो. कारकुनाने विचारलं, निर्वासित ना? साईं म्हणाला, "नाही साईं. घर गेला, हात नाही गेला. पुरुषार्थी लिहा." कारकून म्हणाला, असलं काही इथे लिहीत नाहीत. साईं हलला नाही. मागची रांग ओरडायला लागली, तरी हलला नाही. शेवटी कारकुनाने ती जागा कोरी सोडली. मला माणूस तिथेच आवडला. मी चौथीतून शाळा सोडलेला, पण वाकणारा मीही नव्हतो.

त्या वर्षी जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं आणि गिरणगाव पेटला. गोळीबार झाला, कर्फ्यू लागला. आमची माणसं मेली होती, डोकी तापलेली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली की पलीकडच्या गल्लीतली पोरं बिगरमराठी माणसांच्या दारांवर दगड मारत सुटली आहेत. साईंची बायको पोटुशी, दिवस भरलेले. मी शेजारच्या साच्यावरच्या गंगारामला आणि आणखी दोघांना बोलावलं. व्यायामशाळेतल्या काठ्या आणल्या आणि साईंच्या दारासमोर गॅलरीत बसलो. गिरणीसारख्या पाळ्या लावल्या. साईंच्या अंगाला कोण हात लावतो तेच बघायचं होतं.

साईंला यातलं काही सांगितलं नाही. गंगाराम म्हणाला, दार वाजवून सांगूया का? मी म्हटलं, उपकार काय बोलून दाखवायचे असतात? बसलोय ते दिसतंच आहे.

दिसत होतं खरं. साईंने दार जरासं उघडलं, आमच्याकडे बघितलं, काठ्यांकडे बघितलं आणि कडी घातली. नळाला पाणी आलं आणि गेलं. त्यांची बादली बाहेर आली नाही. दुपार झाली तरी चूल पेटल्याचा वास नाही. मला वाटलं, आतच बसलेत, शहाणे आहेत.

चारच्या सुमारास आई माझ्यासाठी चहा घेऊन आली. नळावर भाभी, साईंची बायको, दिसली नाही हे तिच्या ध्यानात होतं. तिने दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मेल्या, तेंका सांगितलंस तरी काय, हय कित्याक बसलास तां?"

"सांगूक कित्याक व्हया?"

तिने कप खाली ठेवला आणि दार वाजवलं.  मग साईंचा आवाज आला, अगदी दाराजवळून. आठ वर्षांत इतकं साफ मराठी तो बोलला नव्हता.

"साईं, बायकोला जाऊ द्या. तिला कळा सुरू आहेत. मी येतो बाहेर. माझं काय करायचं ते करा."

माझं डोकं फिरलं. मी उठून दारावर थाप मारली. म्हटलं, सकाळपासून उपाशी बसून आम्ही तुझी राखण करतोय आणि तू आम्हाला खुनी समजतोस? आतून पेटी सरकवल्याचा आवाज आला. तो दाराला पेटी लावत होता.

आईने माझ्या हातातली काठी काढून घेतली. "खाली जा. सगळे जावा. एक पुरुस गॅलरीतसुद्धा दिसूक नये." आम्ही चौघे खाली आलो. जिन्याखाली उभा राहून मी ऐकत होतो. आई दाराला तोंड लावून मालवणीत बोलत होती, गे बाय, मी हयच आसंय, भियां नको. भाभीला त्यातला शब्दही कळत नसणार. बऱ्याच वेळाने पेटी सरकली. आईने नंतर सांगितलं, भाभी सकाळपासून तोंडात पदर कोंबून कळा सोसत होती, आवाज बाहेर येऊ नये म्हणून.

दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. दोघी वाचल्या.

साईं खाली आला, माझ्यापासून दोन हात लांब उभा राहिला. म्हणाला, "कराचीतपण शेजारी असेच बसले होते साईं. पहिल्या दिवशी राखायला. तिसऱ्या दिवशी त्यांनीच दार तोडलं. दुसऱ्या एका शेजाऱ्याने मागून काढून आम्हाला बंदरावर पोचवलं. कोण कसला, तोंडावर लिहिलेलं नसतं. तुम्हीपण काय बोलला नाय."

 माफी मागायची मला सवय नव्हती, आणि त्या दिवशीही मी मागितली नाही. कर्फ्यू उठल्यावर आठवड्याभरात ती तिघं कल्याणच्या सिंध्यांच्या छावणीत गेली, आपल्या माणसांत. जाताना साईं सगळ्यांना भेटला, मलाही भेटला. पुन्हा कधी दिसला नाही.

पण मुलगी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कर्फ्यू दोन तास उठला तेव्हा, मी नाक्यावरच्या दूधवाल्या भैयाकडे गेलो. त्याच्या दुकानाच्या फळ्या तीन दिवस बंद होत्या. हात मोकळे ठेवून मी फळीसमोर उभा राहिलो आणि मोठ्याने म्हटलं, "मी समोरच्या चाळीतला बाबू, साच्यावरचा. आजपासून आम्ही चौघं इथे बसणार. तुला कोणी हात लावू नये म्हणून बसणार." आतून हालचाल नाही. मी पुन्हा तेच सांगितलं. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. आतली एक फळी निघेपर्यंत मी तेच सांगत उभा राहिलो.