फाइल संपल्यानंतरची ओळ

अशा गोष्टी आमच्या घरात कोणी सांगितल्या नाहीत आणि मी कधी ऐकूनही घेतल्या नाहीत. तंत्रनिकेतनात आयुष्यभर यंत्रे शिकवली. बिघाडाला कारण असतेच, हे विद्यार्थ्यांना बजावले. तरीही हे लिहितो आहे.

वसमतजवळ आमचे हळदीचे शेत आहे. हळद शिजवण्याच्या वाफेच्या ड्रमासाठी माझी मुलगी प्रज्ञा प्रोग्राम लिहीत होती — दाब वाढला की व्हॉल्व्ह आपोआप उघडावा म्हणून. प्रोग्राम बंद पडला की कोणत्या ओळीने कोणत्या ओळीला बोलावले, याची साखळी पडद्यावर उमटते. तिला स्टॅक ट्रेस म्हणतात. एडिटरमध्ये तिच्यातल्या कोणत्याही ओळीवर एंटर दाबले, की कर्सर कोडमधल्या नेमक्या त्या जागी जातो. हे तपासण्याचे काम माझ्याकडे होते.

त्या दुपारी प्रज्ञाने अंगणात ड्रम पेटवला. दाब मोजून लॅपटॉपला कळवणाऱ्या सेन्सरची वायर अजून जोडायची होती. ती माझ्या टेबलावर गुंडाळलेली पडली होती. लॅपटॉपवर एक ट्रेस उघडा दिसला. कालचा असावा, असे समजून मी एकेका ओळीवर एंटर दाबत गेलो. प्रत्येक जागा सापडली. शेवटची ओळ मात्र दोनशे चौदावी... आणि आमची फाइल तिच्या बरीच आधी संपत होती. कर्सर तळाशी लुकलुकत राहिला. खाली संदेश होता : दाब मर्यादेबाहेर, व्हॉल्व्ह उघडला नाही.

मी खिडकीबाहेर पाहिले. प्रज्ञा ड्रमावर वाकली होती.

“प्रज्ञा, आत ये.”

“काहून, बाबा? दाबाचा काटा बराबर हाय. रिटायर झाले तरी तुमी हजेरी घेऊनच राहिले.”

“आत ये म्हणतो.”

ती पुटपुटत उंबऱ्यापर्यंत आली, तोच ड्रमाचे झाकण उडाले. आधी ती जिथे वाकली होती, तिथली मागची भिंत फुटली.

दाबाचा काटा अडकला होता, व्हॉल्व्ह गंजला होता. एवढे कारण सापडले. पण प्रोग्राम त्या दिवशी कोणी चालवलाच नव्हता. मी परत पाहिले, तेव्हा पडद्यावर ट्रेसही नव्हता.

“म्या कोणताच ट्रेस उघडून ठेवला न्हाई, बाबा,” प्रज्ञा म्हणाली. ओळीचा आकडा मी तिला सांगितला नाही.

पुढे तिने प्रोग्राम वाढवला. व्हॉल्व्ह खरोखर उघडला का, हे पाहणारा भाग नव्याने लिहिला. मी तपासायला बसलो. व्हॉल्व्ह न उघडल्याचा तोच संदेश, त्याच शब्दांत, दोनशे चौदाव्या ओळीवर होता.

हंगामात प्रज्ञा अंगणातून विचारते, “बाबा, पेटवू का?”

मी आधी लॅपटॉप उघडून पाहतो. मगच हो म्हणतो. त्या ट्रेसचे कारण मला अजून सापडलेले नाही.