टायरचा पोत

टायर हातात आला की मास्तर आधी त्याचा पोत बघायचे. अंगठा आणि बोटाच्या मध्ये रबर धरून चोळायचे, डोळे मिटायचे, मग वास घ्यायचे. तुम्ही म्हणाल, पोत कापडाचा असतो, टायरचा कसला? मीही तेच म्हणायची. पण चाळीस वर्षं मागावर काढलेल्या माणसाला जगातली प्रत्येक वस्तू ताग्यातूनच निघाली असं वाटतं, त्याला कोण काय करणार! वास घेऊन झाला की टायर परत खुंटीला अडकवायचे आणि म्हणायचे, "घाई नही शे, बेन. टायर बराबर पाहिजे."

सुरतेच्या उधन्यात माझं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. म्हणजे काढलं नवऱ्याने, आणि तो मिलमध्ये पाळीला लागल्यावर पडलं माझ्या गळ्यात. मास्तरही आमच्यासारखे खानदेशचेच, पण इकडच्या रिवाजाने मी त्यांची 'बेन', म्हणजे बहीण. शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. बिघडलेला माग चालू करून देतो त्याला इकडे मास्तर म्हणतात.

दुसऱ्यांचे माग सरळ करता करता त्यांची स्वतःची कंबर वाकडी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, सायकल बंद. एखादा बसला असता हरी हरी करत. पण एकदा सचिन गावाच्या रस्त्याला मास्तरांना एक परदेशी पाहुणा दिसला, आरामखुर्चीत रेलल्यासारखा, पाय पुढे सोडून पेडल मारत चाललेला. झालं! महिन्याभरात भंगारातल्या दोन सायकली जोडून मास्तरांनी तसंच वाहन उभं केलं. मागे मोठं चाक, पुढे लहान मुलांच्या सायकलचं, आणि मध्ये हात कापलेली प्लास्टिकची खुर्ची. बमरोलीत त्यांच्या चाळीने त्याला नाव दिलं खाटलं, म्हणजे खाट.

"मास्तर, निजून निजून कुठे निघालात?" कुणी विचारायचं.

"नवापूरला," मास्तर म्हणायचे. हसायचे नाहीत.

नवापूरला त्यांची थोरली बहीण. घरात बायको राहिली नव्हती, मूलबाळ नव्हतं, जे काही होतं ते हे एक दार. आता उधन्याहून नवापूरला थेट गाडी जाते, सकाळी बसलं तर जेवायला पोहोचावं. मी म्हटलं, "अहो, गाडीने जा की!" तेव्हा त्यांनी मला ती भाऊबीज सांगितली.

कंबर नुकतीच धरायला लागली होती तेव्हाची गोष्ट. गाडीत तीन तास दाटीने बसून गेले आणि नवापूरला उतरले ते घडी घातल्यासारखे. दोघांनी उचलून घरी नेलं. पाट मांडलेला, रांगोळी काढलेली, पण पाटावर बसता येईना. बहिणीने शेवटी खाटेवर आडव्या पडलेल्या भावालाच ओवाळलं. ओवाळताना तिला रडू फुटलं, कारण आडव्या माणसाभोवती दिवा केव्हा लावतात ते तिला माहीत होतं आणि यांनाही. ओवाळता ओवाळताच ताट हातातून खाली गेलं.

"आता जाईन तर माझ्या पायाने जाईन," मास्तर म्हणाले. त्याला सहा वर्षं झाली होती. बहिणीचे गुडघे गेलेले, तिला येणं शक्य नव्हतं. दर दिवाळीला ती फोनवर विचारायची, "यंदा?" आणि मास्तर सांगायचे, टायर बघतोय.

आणि बघायचे हो, खरंच बघायचे! मोबाइलवर कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांचे व्हिडिओ लावून मला दाखवायचे. गुळगुळीत टायर पळतो चांगला, गाठींचा टायर पकडतो चांगला, हवा किती भरायची, सगळं तोंडपाठ. पुढच्या लहान चाकाच्या मापात माझ्याकडे फक्त गुलाबी पट्ट्याचा टायर होता. त्या गुलाबी पट्ट्यावर मास्तरांनी दोन महिने विचार केला. अहो, लग्नाच्या मुलीलासुद्धा कोणी इतकं बघत नाही! शेवटी घेतला, आणि पंधरा दिवसांत परत आणला. पार टक्कल पडलेलं.

"तुझा माल कच्चा, बेन."

"माझा माल कच्चा? मास्तर, बमरोली-उधन्याच्या बाहेर तुम्ही गेला नाहीत, तो झिजला कुठे?"

तेव्हा कळलं की सराव घरात चालतो. खोलीत तीन रोलरची चौकट बनवली होती. मागचं चाक दोन रोलरच्या मध्ये, पुढचं एकावर, आणि पुढचा रोलर फिरावा म्हणून मागाचाच पट्टा लावलेला. पेडल मारा, चाकं फिरतात, माणूस तिथल्या तिथे. रस्त्यावर पडलो तर लोक हसतील, त्यापेक्षा खोलीत पडलेलं बरं, असा हिशेब. एकदा गाठींचे टायर चढवले तर असा आवाज झाला की शेजारणीला वाटलं, मास्तरांनी घरात माग टाकला.

टायरमागून टायर टक्कल पडून यायला लागले. दर खेपेला माल माझा कच्चा. माझंही डोकं फिरलं. दिवाळी चार दिवसांवर आली असताना नवी जोडी घेऊन मी स्वतःच बमरोलीला गेले. म्हटलं, होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष.

मास्तरांनी चालवून दाखवलं. खोटं कशाला बोलू, बघत राहिले. हात हलके, खांदे सैल, चाक रोलरवर बोटभरही सरकत नव्हतं. खुर्चीत रेललेला तो माणूस कुठल्या अंगाने आजारी वाटेना. ते थांबले तेव्हा खाली पाहिलं तर फरशीवर रबराचा काळा भुगा. रोलरला हात लावला आणि बोट सोललं.

मागावर विणलेलं कापड ओढणारा एक रोलर असतो. कापड निसटू नये म्हणून त्यावर खरखरीत पत्रा गुंडाळतात. मास्तरांनी भंगारातून तेच रोलर आणले होते, पत्र्यासकट.

"मास्तर, ही तर किसणी आहे! आणि सहा महिने माझ्या मालाला नावं ठेवताय?"

"गुळगुळीत रोलरवर चाक घसरतं."

"मग घसरू द्या! तो पत्रा काढा. एवढंही कळत नाही का तुम्हाला?"

मास्तरांनी पेडलवरचे पाय खाली घेतले. मग खुर्चीत बसल्या बसल्याच म्हणाले, "कळतं, बेन. चाळीस वर्षं हाच पत्रा चढवला. टायर गेला की बहिणीला सांगता येतं, टायर गेला. रस्त्यात कंबर धरली आणि परत आडवाच पोहोचलो तर तिला काय सांगू?"

मला तिथेच वाईट वाटलं. पण माझी जीभ कसली ऐकते! म्हटलं, "तुम्ही इथल्या इथे फिरताय म्हणून तिचं वय थांबलंय का? सत्तरी उलटली ना तिची? तिला भाऊ पाहिजे की टायरचा पोत?" आणि जोडी तशीच उचलून दुकानात परत आणली, खुंटीला लावली. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हाताऱ्याला फार बोललीस." बोललेच होते.

दोन दिवसांनी कळलं, मास्तरांच्या दाराला कुलूप आहे आणि खाटलं जागेवर नाही.

टायर न बदलता गेले होते. तेच टक्कल पडलेले, गुलाबी पट्ट्याचा पुढे. मी देवाला काय काय बोलले ते विचारू नका. बारडोली, व्यारा, सोनगड, कुठे पंक्चर झालं असेल, कुठे ट्रकवाल्याने उडवलं असेल, सगळं डोळ्यांपुढे आलं. फोन लागेना.

भाऊबीजेला दुपारी फोन आला. मागे बायामाणसांचा गलका.

"बेन, पोहोचलो."

"कंबर?"

"आहे जागेवर. चार दिवस लागले. थकलो की तिथेच रस्त्याकडेला निजायचो, निजायची सोय बरोबरच होती ना! दारात आलो तर ही काठी टेकत बाहेर, 'उना रे, भाऊ आला!' म्हणून ओरडली. मी उतरायला लागलो तर उतरूच देईना. पाट नको म्हणाली, काही नको, आहे तसाच बस. खाटल्यावरच ओवाळलं."

"आडव्यालाच?"

"हां. म्हणाली, चाकं फिरवत आला त्याला आडवा म्हणत नाहीत."

नाक पुसून मी भांडणावर आले. "अहो, पण नवे टायर का नाही नेलेत? इथे खुंटीला ठेवले होते ना तुमच्यासाठी!"

"दुकानात आलो असतो तर पोत बघत बसलो असतो," मास्तर म्हणाले.

ते तिकडेच राहिले. बमरोलीची खोली दुसऱ्यांनी घेतली, रोलर भंगारात गेले. ती जोडी माझ्या दुकानात तशीच आहे. गिऱ्हाईक हात लावतं, मी नाही म्हणते. दर सणाला मास्तरांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न टायरचा.

"विकले नाहीस ना? परत येताना लागतील."

"नाही विकले. पण येताय केव्हा?"

मागे बहिणीचा आवाज येतो, चहा निवतोय म्हणून.

"घाई नही शे, बेन."