जवळ्याच्या वासाचे जॉइंट इन्स्पेक्शन

"येतो का?" मी विचारले.

नानामास्तरांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. "येतो. चांगलाच येतो."

"आणि आबा, तुम्हाला?"

आबा पाटलांनी दोन्ही नाकपुड्या फुगवून पाहिल्या. "छे! कसला वास?"

मी वहीत लिहिले: खुंटी सातवी, म्युनिसिपालिटीच्या पंचास वास येतो, बोर्डाच्या पंचास येत नाही. शिपायाने खुंटी ठोकली आणि आम्ही आणखी वीस पावले मागे सरकलो. माघातले ऊन चढत होते. समोर खाडी, खाडीकाठी सारवलेले खळे, आणि खळ्याच्या मधोमध गोणपाटाने झाकलेली एक टोपली. नोकरीत मी जी जी कामे केली त्यांत हे सर्वांत हास्यास्पद होते, आणि मी ते अत्यंत गांभीर्याने करत होतो.

मी तेव्हा म्युनिसिपालिटीचा ओव्हरसियर होतो. ओव्हरसियर म्हणजे रस्ते, गटारे, विहिरी यांवर देखरेख ठेवणारा आणि त्यांचे नकाशे काढणारा माणूस. गटार तुंबले की शिव्या खाणाराही तोच. गावाचे नाव लिहीत नाही. ठाणेकरांनी ते कल्याण समजावे आणि कल्याणकरांनी ठाणे, म्हणजे दोघांचेही समाधान होईल.

गावाची हद्द एका नाल्यापाशी संपे. नाल्याच्या अलीकडे म्युनिसिपालिटी. पलीकडे तालुका लोकल बोर्ड, म्हणजे खेड्यापाड्यांचे रस्ते, शाळा आणि विहिरी पाहणारी संस्था. बोर्ड नुकतेच निघाले होते आणि त्याचा कारभार मामलेदार पाहत. कोणत्या जागेवर काय करावे हे ठरवणारे वेगळे खाते तेव्हा नव्हते. आपापल्या हद्दीत ज्याने त्याने ठरवावे अशी रीत होती. नाला नेमका कोणाच्या हद्दीत, हे मात्र कुठल्याच कागदावर नव्हते. पावसाळ्यात त्यावरचा साकव वाहून गेला की नाला नेहमी समोरच्याचा असे.

नाल्याच्या अलीकडे कोळ्यांची दहाबारा घरे आणि त्यांचे खळे होते. त्या खळ्यावर जवळा वाळत पडे. जवळा म्हणजे अगदी बारीक कोलंबी. चटणीला फार उत्तम. कोळ्यांचे पणजे-खापरपणजे तिथेच जवळा सुकवत आले होते आणि कोणाचे काही म्हणणे नव्हते. मग रेल्वे आली, गाव वाढले, आणि आमचे चेअरमन दाजीसाहेब यांनी खाडीची हवा खाण्यासाठी खळ्यापासून थोड्याच अंतरावर माडीचे घर बांधले. हवा आली. हवेबरोबर जवळाही आला.

महिन्याभरात कमिटीने ठराव केला की जवळा सुकवणे हा न्युसन्स आहे. न्युसन्स म्हणजे ज्याचा शेजाऱ्याला उपद्रव होतो असा उद्योग. म्हणून खळे हद्दीबाहेर न्यावे. हद्दीबाहेर सपाट जागा एकच, नाल्याच्या पलीकडची, बोर्डाची. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर मामलेदार रावसाहेबांचे बिऱ्हाड होते. त्यांनी उलट टपाली कळवले की बोर्डाची जमीन म्युनिसिपालिटीचा वास टाकण्यासाठी नाही.

पुढे दोन महिने नुसती पत्रे चालली. अखेर प्रकरण कलेक्टरसाहेबांकडे गेले. ते दौऱ्यावर होते. त्यांनी उत्तर धाडले: दोन्ही संस्थांनी मिळून दोन्ही जागा पाहाव्यात, वास कुठवर जातो ते मोजावे आणि जॉइंट रिपोर्ट पाठवावा. तोपर्यंत नाल्याच्या कोणत्याही काठी मासळी सुकवू नये. शेवटचे वाक्य त्यांनी सहज लिहिले असावे.

ते वाक्य ज्यांच्या मुळावर आले त्यांच्यापैकी हिराबाई कोळीण दुसऱ्याच दिवशी कचेरीच्या पायरीवर येऊन बसली. नवरा खाडीत जाई, पण खळ्यावर राज्य तिचेच.

"सायेब, यो तुमचा कागद कवा सुटंल?"

"मोजणी व्हायची आहे, हिराबाई. रिपोर्ट व्हायचा आहे."

"चार दिसांनी आमावस हाय. उधान येल. जवला काय तुमचे रिपोटाची वाट बघंल? त्याच दिशी पसरला नाय तं रातचे रातला नासतंय. मंग वरीसभर आमी काय खावा, खारा वारा?"

तिचे खोटे नव्हते. जवळा भरपूर मिळायचा तो अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला, आणि त्या उधाणावर त्या दहाबारा घरांचे वर्षाचे तांदूळ अवलंबून होते. चार दिवसांत रिपोर्टावर दोन्ही साहेबांच्या सह्या झाल्या नाहीत तर सगळा माल खाडीत परत फेकावा लागणार होता. मी तिला म्हटले, नमुन्यासाठी घरातला एक टोपली सुका जवळा दे, रोज सकाळी ती खळ्यावर आणून ठेव, बाकी माझ्याकडे लागले.

मोजणीची पद्धत मी स्वतः शोधून काढली आणि तेव्हा मला तिचा अभिमान होता. टोपली मध्ये ठेवायची. पंचांनी तिच्यापासून आठ दिशांना चालत जायचे. दर वीस पावलांवर खुंटी, आणि वास संपेल ती शेवटची. शेवटच्या खुंट्या नकाशावर रेषेने जोडल्या की वासाची हद्द तयार. सकाळी ही मोजणी खळ्यावर करायची. दुपारी तीच टोपली पलीकडे नेऊन बोर्डाच्या जागेवर करायची. माझे स्वतःचे नाक मात्र चालणार नव्हते. आमच्या घरी मासळी खातात, तेव्हा मी पक्षपाती, असे दोन्ही बाजूंचे मत पडले. म्हणून मला वही दिली.

म्युनिसिपालिटीचे पंच पेन्शनर हेडमास्तर नानामास्तर. बोर्डाचे पंच पलीकडच्या गावचे आबा पाटील. पहिल्या दिवशी मी गोणपाट उचलून दोघांना जवळा दाखवला. मास्तर ओरडले, "झाका, झाका! पुन्हा उघडाल तर मी घरी जाईन." मी झाकले. मग मास्तरांनी नाक साफ असावे म्हणून चिमूटभर तपकीर ओढली. प्रत्येक खुंटीला ते अशीच ओढत.

खळ्यावरच्या टोपलीचा वास मास्तरांना थेट स्टेशनापर्यंत आला. आबांना तो टोपलीत नाक घातल्यावरही येईना. दुपारी शिपायाने तीच टोपली डोक्यावर घेऊन नाला ओलांडला. पलीकडे ती खाली ठेवताच आबांनी उपरणे नाकाला लावले. "शिव शिव! हे रावसाहेबांच्या माजघरापर्यंत जाणार."

"आणि मास्तर, तुम्हाला?"

"स्वच्छ हवा आहे," मास्तर म्हणाले. "इथे सॅनिटोरियम काढावे."

टोपली तीच, नाकेही तीच. मधे फक्त गुडघाभर पाण्याचा नाला. दुसऱ्या दिवशी वाऱ्यावरून भांडण झाले. सकाळी वारा जमिनीकडून, दुपारी खाडीकडून. मास्तर म्हणाले सकाळची मोजणी दुपारी घ्या, आबा म्हणाले दुपारची सकाळी घ्या. मी दोन्ही घेतल्या. उत्तर तेच आले. तिसऱ्या दिवशी पुन्हा खुंट्या, पुन्हा तपकीर, पुन्हा पंचनामा. दोघांनी प्रत्येक पानावर सही केली. माझ्या नकाशावर प्रत्येक जागेभोवती दोन-दोन हद्दी उमटल्या. एक तालुकाभर पसरलेली, दुसरी टोपलीएवढी.

त्या संध्याकाळी मी टोपली परत करायला हिराबाईच्या घरी गेलो. दुसऱ्या दिवशी अमावस्या होती आणि माझ्याकडे सही होण्यासारखा एकही कागद नव्हता. गोणपाट परत द्यावे म्हणून मी ते उचलले.

आत काही नव्हते.

"हिराबाई, जवळा कुठे?"

"कनचा जवला?" तिने चुलीवरून मान वळवली. "त्यो? त्यो तं पैल्या रातलाच शिजवला. वांगी घालून."

"शिजवला?"

"मंग? तीन दिस टोपलीत ठेवून काय कावल्यांना घालू? तुमी बोल्लाव टोपली आनून ठेव. मी रोज आनून ठेवली. तुमचा शिपाई तं बोलला, सायबांना वजन नाय, वास मोजाचाय."

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. वाळलेला जवळा तसा हलकाच, त्यामुळे शिपायालाही टोपली रिकामी असल्याचे वावगे वाटले नसावे. पंच दोन दिवस रिकाम्या टोपलीचा वास घेत होते. एकाला तो स्टेशनापर्यंत येत होता, दुसऱ्याला मामलेदारांच्या माजघरापर्यंत. आणि खरे लिहायचे तर दुसऱ्या दिवशी चौथ्या खुंटीपाशी तो मलाही आला होता. मी तसे वहीच्या समासात पेन्सिलीने टिपलेही होते. मला इतकी शरम वाटली की मी तो समास तिथल्या तिथे फाडून हिराबाईच्या चुलीत टाकला.

रात्रभर विचार केला. पंचनामे दडपावेत तर रिपोर्ट नाही. खरे लिहावे तर नोकरी नाही. सकाळी मी दाजीसाहेब आणि रावसाहेब दोघांना एकाच मजकुराच्या चिठ्ठ्या पाठवल्या: रिपोर्ट सहीस तयार आहे, कृपा करून खळ्यावर यावे.

दोघे छत्र्या घेऊन आले. एकमेकांना नमस्कार केला, तो हातांनीच. खळ्याच्या मधोमध झाकलेली टोपली होती. हिराबाई आणि बाकीच्या बायका लांब उभ्या राहून पाहत होत्या.

"दाजीसाहेब, वास येतो का?" मी विचारले.

दाजीसाहेबांनी अत्तराचा रुमाल नाकाशी धरला. "अहो ओव्हरसियर, उभं राहवत नाही इथं!"

"रावसाहेब, आपल्याला?"

"मला तर मोगऱ्याचा वास येतोय," मामलेदार म्हणाले. "यांच्या रुमालाचा असेल."

शिपायाने टोपली पलीकडे नेली. आम्ही साकवावरून मागोमाग गेलो, आमच्या मागून बायकाही आल्या. पलीकडे पोचताच मामलेदारांचा चेहरा आंबट झाला आणि दाजीसाहेबांनी रुमाल खिशात घातला.

"आता?" मी विचारले.

"असह्य!" मामलेदार म्हणाले.

"काहीच नाही," दाजीसाहेब म्हणाले.

मी गोणपाट उचलले.

दोघांनी आत डोकावून पाहिले. मागे कुठल्या तरी कोळिणीला हसू आवरेना, तिला दुसरीने दटावले.

"केव्हापासून?" मामलेदारांनी हळू आवाजात विचारले.

"पहिल्या रात्रीपासून, रावसाहेब. पंचांच्या सह्या आहेत. रिपोर्टाला सगळे पंचनामे जोडले आहेत."

"जोडले आहेत?" दोघे एकदम म्हणाले. म्युनिसिपालिटी आणि बोर्ड यांच्या तोंडून एकच वाक्य निघालेले मी प्रथमच ऐकले.

"पंचनामे कशाला जोडायचे?" दाजीसाहेब म्हणाले. "उगाच कागद वाढतो."

"अगदी बरोबर," मामलेदार म्हणाले. "कलेक्टरसाहेबांना लांबलचक रिपोर्ट आवडत नाहीत."

"मग थोडक्यात काय लिहू?"

दोन महिन्यांत जे जमले नव्हते ते नाल्याकाठी उभ्याउभ्या पंधरा मिनिटांत जमले. खळे आहे तिथेच राहील. उधाणाचा जादा माल पसरायला बोर्ड पलीकडची पट्टी देईल. नाला दोघांचा, साकवाची दुरुस्ती दोघांनी मिळून करायची. यापुढे नाल्याच्या दोन्ही काठांवर कोणाला काहीही बांधायचे असेल तर दोन्ही कचेऱ्यांनी आधी एकमेकांना विचारायचे. वासाबद्दल मी एकच वाक्य लिहिले: "संयुक्त पाहणीचे अखेरीस टोपलीत वासाचे कोणतेही कारण आढळले नाही." त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. दोघांनी माझ्याच पाठीवर कागद ठेवून सह्या केल्या.

तिसऱ्या प्रहरी होड्या आल्या. संध्याकाळपर्यंत दोन्ही काठ गुलाबी झाले होते. वास म्हणाल तर असा की माझ्यासारख्या मासळी खाणाऱ्यालाही डोळ्यांत पाणी आले. दाजीसाहेबांच्या माडीच्या खिडक्या एकामागून एक बंद झाल्या. मामलेदारांच्याही झाल्या. पण तक्रार कोण करणार? रिपोर्टावर सही त्यांचीच होती.

पुढच्या महिन्यात कलेक्टरसाहेबांचे पत्र आले. दोन संस्थांनी दाखवलेल्या सहकार्याचे त्यांनी कौतुक केले होते आणि हीच शास्त्रीय पद्धत चामडे कमावण्याच्या जागेसाठीही वापरावी असे सुचवले होते. मी ते पत्र फाइलीत अगदी तळाशी घातले.

पुढे पंचवीस वर्षे नोकरी केली. नाला, ओढा, रस्ता, स्मशान, जिथे जिथे दोन कचेऱ्यांची हद्द लागली तिथे तिथे एक नियम पाळला. प्रत्येकीला तिची चूक वेगळी दाखवली तर ती दुसरीकडे बोट दाखवते. दोघींना एकाच वेळी, एकाच जागी दाखवली तर ठराव होतो.

जवळा त्या वर्षी उत्तम वाळला.